'समतोल' या शब्दाविषयी : अमरगोळच्या काट्यावरून

गेल्या वर्षी एका निबंधस्पर्धेतील लेखन तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. विषय होता 'काम आणि व्यक्तिगत जीवन यांतील समतोल'. विद्यार्थी महाविद्यालयीन होते, बहुतेक हुबळी-धारवाड परिसरातले, घरी मराठी बोलणारे आणि शाळेत कन्नड शिकलेले. भाषा बऱ्यापैकी शुद्ध होती, अक्षर वाईट नव्हते. तरीही अर्धा गठ्ठा संपण्यापूर्वीच आम्हांस कंटाळा येऊ लागला. जवळजवळ प्रत्येक निबंधात एक तराजू होता. त्याच्या एका पारड्यात काम, दुसऱ्या पारड्यात कुटुंब. मध्ये उभा माणूस. आणि शेवटी 'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग. तराजू आणि तार ही दोन रूपके एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आलेली नव्हती. ती मुलांच्या लक्षात यावयास हवी होती, असे आम्ही म्हणणार नाही. कारण ज्यांनी विषय काढला त्यांच्या, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही, ती लक्षात आली नव्हती.

त्या गठ्ठ्यात एक निबंध मात्र वेगळा निघाला. लिहिणाऱ्या मुलाचे घर अमरगोळला, आणि वडील तेथील बाजार आवारात हमाल. त्याने तराजूचा उल्लेखही केला नव्हता. त्याने एवढेच लिहिले होते की मिरचीच्या हंगामात वडील घरी आले की घरातील सर्वजण खोकू लागतात. आई दारातच त्यांचा सदरा काढून घेते आणि वेगळ्या बादलीत भिजवते. आणि त्या दिवसांत धाकट्या बहिणीला वडिलांच्या कडेवर जाण्याची मनाई असते. निबंध दीड पानांत संपला होता, त्यास निष्कर्ष नव्हता, आणि परीक्षकांसाठी दिलेल्या निकषांप्रमाणे त्यास फार गुण देता येत नव्हते. आम्ही ते दिले. पण प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण गुण नव्हे. काम आणि घर ही दोन वेगळी पारडी आहेत, हे ज्या गृहीतावर सगळा विषय उभा होता, ते गृहीत त्या मिरचीच्या धुळीने एका क्षणात खोटे पाडले. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आपणा सर्वांना त्याचा विचार करणे प्राप्त आहे, असे आम्हांस वाटते.

अमरगोळ हे गाव ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हुबळी आणि धारवाड या दोन शहरांत सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर आहे, आणि १९६२ पासून दोहोंची महानगरपालिका एकच आहे. हुबळी ही व्यापाराची, रेल्वेच्या कारखान्याची, घाऊक बाजाराची. धारवाड हे शाळा-महाविद्यालयांचे, विद्यापीठाचे, गाण्याचे आणि निवृत्तिवेतनावर शांतपणे राहणाऱ्यांचे. पैसा हुबळीत मिळवावा आणि राहावे धारवाडात, असा येथील कित्येकांचा जुना आग्रह असतो, आणि त्या आग्रहापायी रोज सकाळी नि संध्याकाळी हजारो माणसे या रस्त्यावरून ये-जा करतात. समतोलाच्या कल्पनेस भूगोलात याहून चांगले चित्र सापडणे कठीण. दोन पारडी, आणि मध्ये जोडणारी दांडी. अमरगोळ त्या दांडीवर येते. तेथे रेल्वेचे लहानसे स्थानक आहे, चालुक्यकालीन देवालय आहे, आणि हुबळीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. म्हणजे ज्या वस्तूचे रूपक आपण इतक्या सहजपणे वापरतो ती वस्तू, काटा, येथे दिवसभर प्रत्यक्ष चालू असते.

काट्याजवळ थोडा वेळ उभे राहिले तर त्याचे नियम कळतात. पोते हलते असेपर्यंत वजन घेत नाहीत. ते स्थिर व्हावे लागते. तोलणारा माणूस मालाचा धनी नसतो आणि खरेदीदारही नसतो. तो तिसरा असतो, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला किंमत असते. जुन्या तराजूत तर एका पारड्यात टाकावयाचे वजन आणि दुसऱ्यातला माल यांना मोजणारे परिमाण एकच असावे लागे. आता काम आणि जीवन यांना हे नियम लावून पाहावे. आयुष्य स्थिर होते ते एकदाच, आणि तेव्हा ते तोलून काही उपयोग नसतो. तोलणारा तिसरा माणूस नाही; ज्याला तोलावयाचे तोच तोलणारा. आणि समान परिमाण म्हणून आपण ज्याचा उपयोग करतो तो असतो तास. मुलाच्या तापात जागलेला तास आणि हिशेबाच्या वहीवर घालविलेला तास हे घड्याळात सारखे असतात, एवढ्यावर ते एकमेकांच्या विरुद्ध पारड्यांत घालता येतात, असे मानणे हा विचार नव्हे, सोय आहे.

या शब्दप्रयोगाचा मराठीतील इतिहास फार मोठा नाही. तो इंग्रजीतून आला, आणि गेल्या दोन-तीन दशकांत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी तो रूढ केला. त्यापूर्वी आपल्याकडे माणसाच्या आयुष्यातील ओढाताणीसाठी जी जोडी वापरात होती ती प्रपंच आणि परमार्थ ही. ही जोडी जुनी म्हणून चांगली, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट नीट दिसते ती अशी की उपजीविका आणि घर ही दोन्ही प्रपंचातच मोडतात. शेत, दुकान, मुलाबाळांची पोटे, सासूचे औषध, सरकारचा सारा हे सगळे एकाच बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला जे आहे त्याचा पगाराशीही संबंध नाही आणि सुटीशीही नाही. नव्या जोडीने प्रपंचाचेच दोन तुकडे केले, ते एकमेकांसमोर उभे केले, आणि या दोहोंपलीकडे माणसाला आणखी काही हवे असते ही आठवण गुपचूप वगळली. आज 'व्यक्तिगत जीवन' म्हणून ज्याची भलामण होते त्यात मनोरंजन असते, प्रकृतीची काळजी असते, कुटुंबासाठी राखून ठेवलेला 'दर्जेदार वेळ' असतो. ज्याला पूर्वी परमार्थ म्हणत, आणि ज्याच्या जागी आधुनिक माणूस कला, विचार किंवा समाजकार्य यांना बसवू शकेल, त्याला या हिशेबात रकानाच नाही.

संतवाङ्मयाकडे बोट दाखवून येथे कोणी म्हणेल की सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी यांनी कामातच परमार्थ पाहिला. तेव्हा तोच मार्ग. हे उत्तर वर्गात फार लोकप्रिय आहे आणि आम्हीही ते अनेक वर्षे दिले आहे. त्यात धोका आहे तो असा की मळ्याचा मालक सावता स्वतः होता की दुसरा कोणी, हा प्रश्न आपण विचारीत नाही. स्वतःच्या चाकावर बसलेल्या कुंभाराने चिखलात देव पाहणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर चौदा तास उभ्या असलेल्या माणसाला यंत्रातच देव पाहावा असे सांगणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा उपदेश करणारा बहुधा यंत्राचा धनी असतो.

आता आमच्या स्वतःच्या व्यवसायाकडे वळतो, कारण खरी गोम तेथे आहे. मराठी समीक्षेत, चरित्रलेखनात, अभिनंदनपर ग्रंथांत आणि मृत्युलेखांत एक वाक्यांश इतका रुळला आहे की तो आपल्याला दिसेनासा झाला आहे. लेखक पुरुष असेल तर लिहितात, 'नोकरी सांभाळून त्यांनी साहित्यसेवा केली.' लेखिका असेल तर लिहितात, 'संसार सांभाळून त्यांनी लेखन केले.' क्रियापद एकच, कर्म मात्र बदलते. पुरुषाने संसार सांभाळून लिहिले असे कधी वाचल्याचे आम्हांस आठवत नाही. नोकरी करणाऱ्या लेखिकेबद्दल मात्र 'नोकरी आणि संसार सांभाळून' असे आवर्जून लिहिलेले आढळते, आणि ते कौतुक म्हणून असते. 'सांभाळणे' याचा मूळ अर्थ जपणे, राखणे, पडू न देणे. मूल सांभाळतात, गुरे सांभाळतात. समतोल सांभाळणे हा त्याचा पुढचा, उसना अर्थ. आपल्या समीक्षेने या दोन अर्थांची सरमिसळ केली, आणि जो प्रत्यक्ष कोणाला तरी राखीत होता त्याच्या श्रमाचे रूपांतर केवळ कौशल्यात करून टाकले.

धारवाडचेच उदाहरण घेऊ. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी सुमारे तीन दशके येथील जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविले. 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२), 'रक्तचंदन' (१९६६) आणि पुढे 'काजळमाया' (१९७२) हे संग्रह त्याच काळातले. हुबळी-धारवाडातील मराठी वाचकास त्यांच्याविषयी जो जिव्हाळा आहे तो लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यात नोकरी ही नेहमी एका कोपऱ्यात ठेवलेली असते, जणू काही पावसाळ्यात दाराशी ठेवलेली छत्री. दिवसा अध्यापक, रात्री कलावंत. सभासंमेलने टाळणारा, गॉगलआड डोळे झाकणारा, एकाकी. एकाकीपणाच्या या चित्रात एक गैरसोयीची गोष्ट अशी की त्यांच्या घरात माणसे होती. त्यांच्या मावसबहिणीचे, नंदा पैठणकर यांचे, 'प्रिय बाबुआण्णा' हे पुस्तक आले तेव्हा अनेक वाचकांना प्रथमच धारवाडचे ते घर आतून दिसले. त्या घरात जी. ए. हे कर्ते पुरुष होते, थोरला भाऊ होते, काळजी वाहणारे आणि काळजी घेऊ देणारे होते. त्या पुस्तकाला 'आठवणी' म्हणून आपण कडेच्या कपाटात ठेवले. आमच्या मते ते समीक्षेच्या कपाटात हवे. कारण 'कलावंताचा एकांत' म्हणून ज्याचे आपण गूढ केले त्याची रोजची व्यवस्था त्यात दिसते.

आणि मग पत्रे. जी. एं.च्या निवडक पत्रांचे खंड त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यांतील एक खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. ही पत्रे कोणत्या पारड्यात घालावयाची? ती लेखकाचे काम म्हणावीत तर त्यांना मोबदला नव्हता आणि प्रकाशनाचा हेतू नव्हता. विश्रांती म्हणावी तर त्यांत वाचनाची, निवडीची, वाक्य घडविण्याची जी मेहनत आहे ती कित्येकांच्या प्रकाशित ग्रंथांत नसते. व्यक्तिगत जीवन म्हणावे तर त्यांतील बराच मजकूर दुसऱ्या लेखकांच्या ग्रंथांविषयी आहे. आम्ही असे म्हणू की अध्यापन, कथा, पत्रे, वाचन आणि चित्रे काढण्याचा त्यांचा छंद ही एकाच माणसाच्या लक्ष देण्याची निरनिराळी रूपे होती, आणि लक्ष देणे ही गोष्ट तासांत मोजता येत नाही. त्यांच्या आरंभीच्या कथांतील कारकून, शिक्षक, परावलंबी विधवा यांच्याकडे पाहणारी दृष्टी महाविद्यालयाच्या दारात गळून पडत असेल, असे मानण्यास आधार नाही.

येथेच द. रा. बेंद्रे यांचा उल्लेख मोह म्हणून करतो. धारवाडच्या साधनकेरीतील हे कवी व्यवसायाने शिक्षक होते; सोलापूरच्या महाविद्यालयात १९४४ ते १९५६ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. घरात मराठी, काव्यात कन्नड. एक भाषा घराची आणि दुसरी कामाची, अशी वाटणी करून कोणी त्यांचा समतोल काढू पाहील तर तो चांगलाच फसेल, कारण त्यांनी मराठीतही लिहिले आणि कन्नड तर त्यांच्या रस्त्यावरची, अंगणातली भाषा होती. असो.

पत्रांच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सुनीताबाईंकडे मात्र थोडे थांबले पाहिजे. त्यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या सर्वांच्या लाडक्या लेखकाच्या पत्नीने घराचा, व्यवहाराचा, कार्यक्रमांच्या व्यवस्थेचा आणि स्वतःच्या मनाचा हिशेब मांडला, याचे अनेकांना वैषम्य वाटले. घरातील गोष्टी बाहेर कशासाठी, असा सूर त्या वेळच्या चर्चेत होता. आज ते पुस्तक पुन्हा वाचताना आम्हांस जाणवते की 'घरातील' आणि 'बाहेरचे' ही सीमा ज्यांनी आखली होती त्यांनीच ती मोडल्याचा आरोप केला. कारण सुनीताबाईंनी ज्या कामांचे वर्णन केले ती पु. लं.च्या सार्वजनिक कार्याचाच भाग होती. फक्त ती स्वयंपाकघराच्या बाजूने केली जात होती. ती मोजली गेली नाहीत, म्हणून पु. लं.चा तोल इतका सहज दिसला. पु. लं.वरील आमचे प्रेम यामुळे तसूभरही कमी होत नाही. समीक्षक म्हणून मात्र आमची मान खाली जाते, कारण या पुस्तकाचे आरंभी जे स्वागत झाले ते आमच्यासारख्यांनीच घडविले होते.

हा प्रश्न केवळ लेखकांच्या घरांचा नाही, हे सांगण्यास सरकारी आकडेही आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत घरातील बिनमोबदल्याच्या कामांत गुंतलेल्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ असे आहेत. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचे काम दहा मिनिटांनी कमी झाले आणि पुरुषांचे नऊ मिनिटांनी. दोघांनीही जवळजवळ सारखीच सूट घेतली. याला समतोल म्हणावयाचे असेल तर म्हणावे. ज्या शब्दप्रयोगात 'काम' म्हणजे पगाराचे काम आणि उरलेले सर्व 'जीवन', त्या शब्दप्रयोगाप्रमाणे या २८९ मिनिटांना काम म्हणता येत नाही. ती बाई त्या वेळात आपले व्यक्तिगत जीवन उपभोगीत असते.

मराठी स्त्रियांच्या बोलण्यात असा घोटाळा कधीच नव्हता. 'कामे आटोपली का?' या प्रश्नातील कामे घरचीच असतात. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी केला त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि त्यांत दळण, माहेर, भाऊ, देव, सासुरवास, विठोबा हे सर्व एकाच जात्याभोवती फिरते. बहिणाबाई चौधरींची गाणी तर शेतात आणि घरात हात चालू असताना झाली. मुलाने ती टिपून घेतली आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती ग्रंथरूपाने आली. या वाङ्मयाविषयी आपण वर्गात नेहमी सांगतो की पाहा, येथे श्रम आणि गीत एकरूप झाले. सांगतो ते खोटे नाही. पण पिठाची गिरणी गावात आली तेव्हा गाण्यासाठी जाते परत द्या, असे म्हणणारी बाई कोणी पाहिली आहे? गीत श्रमातून आले म्हणून श्रम गोड होते असे ठरत नाही. पहाटे उठून दळावे लागे म्हणून गावे लागे, हाही त्या ओव्यांचा एक अर्थ आहे, आणि तो ओव्यांतूनच ऐकू येतो. एकरूपतेचे हे कौतुक आणि समतोलाचे ते कौतुक, दोन्ही पाहणाऱ्याच्या बाजूची आहेत.

मग गाणे हेच ज्यांचे काम होते त्यांचे काय? गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचे घर हुबळीत आणि गुरू सवाई गंधर्व कुंदगोळला. शिकण्यासाठी त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात आणि परत येत. ती गाडी अमरगोळच्या उलट दिशेला जाणारी. पण या परिसरातील प्रत्येकाने ती मनाने पाहिलेली आहे. घरी मुले होती, घराचा भार गाण्याच्या उत्पन्नावर होता, म्हणजे त्यांच्या बाबतीत संसार सांभाळण्याचे साधनच गाणे होते. तिकडे शिकणे आणि इकडे जगणे अशा दोन बाजू त्या प्रवासाला पाडता येत नाहीत. आगगाडीत जो वेळ जाई तो कोणत्या खात्यावर मांडावयाचा, हे सांगणारा हिशेबनीस आम्हांस अजून भेटलेला नाही. पुरुष गायक पंडित किंवा उस्ताद होतात आणि स्त्री कितीही मोठी झाली तरी बाईच राहते, हे गंगूबाईंचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. आपल्या 'सांभाळून' या शब्दाचे मूळही तेथेच आहे.

येथपर्यंत वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की समतोलाची कल्पनाच आम्ही मोडीत काढीत आहोत, तेव्हा कामाच्या तासांवर मर्यादा घालण्याची मागणीही मोडीत निघाली. हा निष्कर्ष काढण्यास उत्सुक असलेली मंडळी आज पुष्कळ आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्यास सत्तर तास काम करावे असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी नव्वद तासांचा आकडा काढला, आणि रविवारी कर्मचाऱ्यांकडून काम करवून घेता येत नाही याची खंत व्यक्त केली. मूर्तींच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या कंपनीच्या प्रारंभाची जी कथा १९८१ पासूनची म्हणून त्या कुटुंबाने स्वतः अनेकदा सांगितली आहे तिच्यात हुबळीत अभियांत्रिकी शिकलेल्या सुधा मूर्तींनी साठवणीतले दहा हजार रुपये काढून दिले, आणि पुढे घर त्यांनीच पाहिले, असे आहे. सत्तर तासांच्या मागे उभे असलेले हे दुसरे तास त्या उपदेशात कोठे मोजले आहेत, एवढेच आम्ही विचारू.

रविवारच्या खंतीचे मात्र उत्तर आधीच देऊन झालेले आहे, आणि तेही मराठीत. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचे जे निवेदन तयार केले त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या अशा : रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन. सूर्यास्तापर्यंतच, हा शब्द वाचून आजचा वाचक थक्क होईल. एवढे मिळणे हीसुद्धा तेव्हा मोठी गोष्ट होती. २४ एप्रिल १८९० रोजी भरलेल्या कामगारांच्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की लोखंड्यांनी तोल मागितला नाही, हद्द मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, आणि समाजाच्या कामासाठीही एक दिवस हवा, ही त्यांची भूमिका सत्यशोधकाला शोभणारी होती. सहा दिवसांचे काम आणि एका दिवसाची सुटी यांचे वजन सारखे व्हावे असे त्यांनी कधी म्हटले नाही. एका जागी धन्याची सत्ता संपते, त्यापलीकडे कामगार काय करतो याचा जाब कोणी विचारावयाचा नाही, इतके साधे ते होते. समतोलाच्या भाषेत ही हद्दच पुसली जाते. ती जबाबदारी पुन्हा कामगाराच्या गळ्यात पडते, आणि तोल गेला तर दोष त्याचा.

हद्दीची दुसरी कल्पना कन्नड मातीतली आहे आणि ती मराठी वर्गात शिकविली जात नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी कल्याण येथे मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य होते. सांडलेले तांदळाचे दाणे वेचणे हे त्यांचे कायक, म्हणजे शरणांच्या भाषेत देहाने करावयाचे व्रतरूप काम. म्हणून त्याला 'आय्दक्की', वेचलेल्या तांदळाचा, मारय्या म्हणत. कथा अशी सांगतात की एकदा बोलण्याच्या नादात त्याला उशीर झाला, तेव्हा लक्कम्माने त्याला कामाची आठवण करून दिली. पुन्हा एकदा तो नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तेव्हा तिने हे आपल्या गरजेपेक्षा अधिक आहे, परत टाकून ये, असे बजावले. ही लक्कम्मा स्वतः वचनकार होती. कामचुकारपणा आणि हावरेपणा या दोहोंनाही जागच्या जागी अडविणारी ही स्त्री तराजू घेऊन बसलेली नाही. आज किती पुरेल, एवढेच तिला ठाऊक आहे. आणि ते ठाऊक असण्याचे कारण उघड आहे : शिजवणारी तीच होती.

अशा आवारांतून आजही सांडलेले धान्य झाडून, पाखडून घेणाऱ्या बायका दिसतात. त्या वेचतात ते व्रत म्हणून नव्हे, आणि त्यांना लक्कम्मा म्हणून आम्ही त्यांच्या दारिद्र्याला तेज चढवू इच्छीत नाही. पण काट्यावर जे चढत नाही ते येथे कोणाच्या तरी सुपात असते, हे अमरगोळला जाऊन कोणालाही पाहता येईल.

यंदा त्याच स्पर्धेसाठी विषय सुचविण्याची विनंती आमच्याकडे आली. आम्ही लिहून पाठविले : 'तुमच्या घरी सर्वांत आधी कोण उठते, आणि ते माणूस घर जागे होईपर्यंत काय करते?' समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी हा विषय फार घरगुती असल्याचे कळविले आहे. पत्रव्यवहार अद्याप चालू आहे.